कडेच्या खाचांचा चकवा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चिकुनगुन्याच्या विषाणूवर रिबाविरिन आणि इंटरफेरॉन-अल्फा ही औषधे एकत्र तपासण्याचे काम आले. ही जोडी व्हेरो पेशींमध्ये (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) एकमेकांना पूरक ठरते, म्हणजे एकत्रित परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त येतो, असे 2004 सालीच प्रसिद्ध झाले होते. मला फक्त ते आमच्या प्रयोगशाळेत पुन्हा दाखवायचे होते, म्हणून काम सोपे वाटले.

पेशी वाढवायच्या 96 खाचांच्या, म्हणजे छोट्या वाट्यांच्या, प्लेटवर बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करतात: एका औषधाचे प्रमाण आडवे वाढत जाते, दुसऱ्याचे उभे, आणि दोन्हींची सुरुवात शून्यापासून होते. मी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सात बाय सातचा पट मांडला, त्यामुळे सर्वांत वरच्या ओळीत केवळ रिबाविरिन आणि सर्वांत डावीकडच्या रांगेत केवळ इंटरफेरॉन राहिले. तीन दिवसांनी एमटीटी या रंगद्रव्याचे पिवळे द्रावण घातले. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात आणि ते विरघळवून 570 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग मोजतात; रंग जितका गर्द, तितक्या जास्त पेशी विषाणूपासून वाचलेल्या. पटाच्या आतल्या भागातला गर्द जांभळा रंग पाहून मी हरखून गेले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आकडे बाजूला ठेवून इन्क्युबेटरमधली दुसरी प्लेट माझ्यापुढे धरली. कडेच्या खाचांतले माध्यम, म्हणजे पेशींचे पोषक द्रव, आतल्यापेक्षा चांगलेच आटले होते. “तुझी एकेकटी औषधे नेमकी कुठे आहेत?” एवढेच त्यांनी विचारले.

एक औषध 40 टक्के आणि दुसरे 30 टक्के पेशी वाचवत असेल, तर दोन्ही स्वतंत्रपणे काम करतात असे धरून एकत्रित अपेक्षा 58 टक्के येते (40, अधिक उरलेल्या 60 चे 30 टक्के म्हणजे 18). पण कडेच्या पेशी आटलेल्या माध्यमामुळे खंगून तेच आकडे 25 आणि 15 दिसले, तर अपेक्षा 36 वर उतरते, आणि मधल्या खाचेतले साधे 58 टक्केही चमत्कार वाटू लागतात. माझा आनंद बराचसा या वजाबाकीतून आला होता.

मग बाहेरच्या 36 खाचांत पेशींऐवजी नुसते बफर (क्षारांचे साधे द्रावण) भरून आतल्या 60 खाचांतच सहा बाय सहाचा पट आणि तुलनेसाठीच्या नियंत्रण खाचा बसवल्या. सोबत विषाणू नसलेली प्लेटही लावली (हे आधीच करायला हवे होते, हे कबूल). तिच्यात रिबाविरिनच्या सर्वाधिक प्रमाणाच्या खाचाही फिक्या निघाल्या, म्हणजे तिथे औषधच पेशींची वाढ रोखत होते. ते प्रमाण मी वगळले. तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या प्लेटांत पूरक परिणाम टिकला, पण फक्त मधल्या चार-पाच खाचांत.