व्हिक्टोरिया बाथ्स, मँचेस्टर: कोरड्या तलावात कॅमेरा घेऊन

ओसाड इमारतींचे फोटो म्हटले की कुंपणावरून उड्या मारायच्या गोष्टी निघतात. इंग्लंडमधल्या या जुन्या सार्वजनिक स्नानगृहात, म्हणजे पोहण्याच्या तलावांच्या इमारतीत, तसलं काही करावं लागत नाही. तिकीट काढा, पुढच्या दाराने आत जा.

कुठलं दार, ते मात्र आधी बघून घ्या. हॅदरसेज रोडवरच्या या लाल-पिवळ्या विटांच्या इमारतीला तीन दारं आहेत आणि प्रत्येकावर दगडात कोरलंय: पुरुष पहिला वर्ग, पुरुष दुसरा वर्ग आणि बायका. बायकांना वर्गबिर्ग नाही, सरसकट एकच दार. १९०६ साली हे उघडलं तेव्हा विहिरीचं ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात सोडत. तिथे वापरून झालं की तेच दुसऱ्या वर्गाला आणि सगळ्यांत शेवटी बायकांना! आपल्याकडे पाणवठ्यावरचा भेदभाव कुणाला शिकवायला नको, पण इथे तो सरळ नळजोडणीतच बसवलेला. म्हणून आत शिरण्याआधी रस्त्यापलीकडे जाऊन तिन्ही दारांचे फोटो काढा. नंतर आतलं सगळं त्याच क्रमाने उलगडत जातं.

पहिल्या वर्गाच्या जिन्याला खालपासून वरपर्यंत हिरव्या चकचकीत फरशा आहेत. तिथे कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) गडबडतो. रॉमध्ये (नंतर रंग सुधारता येतात अशा कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक फरशीत एक पांढरा ठिपका येतो. पहिल्या वर्गाच्या मोठ्या तलावाच्या दोन्ही बाजूंना कपडे बदलायच्या खोल्यांची रांग आहे. खाली लाकडी अर्धं दार, वर पट्ट्यापट्ट्यांचा पडदा. सगळे जण मधोमध उभे राहून रुंद लेन्सने तोच फोटो काढतात. तो काढाच, पण मग ५० एमएमची लेन्स लावून एकाच खोलीपाशी थांबा. माझ्या मते खरी मजा तिथे आहे.

दुसऱ्या वर्गाच्या तलावात फार वेळ घालवू नका. त्याच्यावर नंतर जमीन घालून खेळाचा हॉल केला, त्यामुळे तलाव दिसतच नाही. वाचलेला वेळ टर्किश बाथच्या (गरम हवेत घाम काढायच्या स्नानाच्या) खोल्यांना आणि खिडक्यांच्या रंगीत काचांना द्या. काचा उजळून दिसायला बाहेर थोडा तरी उजेड हवा. तलावांचं मात्र उलटं आहे. छतातून प्रकाश येतो, त्यामुळे मँचेस्टरचं नेहमीचं ढगाळ आभाळ फायद्याचं. फरशांवर सावल्यांच्या रेघा पडत नाहीत.

१९९३ मध्ये पालिकेने खर्च झेपेना म्हणून हे बंद केलं, तेव्हा लोक भांडायला उठले. २००३ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी मतं देऊन दुरुस्तीसाठी याचीच निवड केली. काम टप्प्याटप्प्याने झालंय. त्यामुळे एक भिंत नवीकोरी, तर शेजारची पोपडे सुटलेली असं दृश्य भेटतं. पोपड्यांचे फोटो हवे असतील तर लवकर गेलेलं बरं.

हे रोज उघडं नसतं आणि कधी शूटिंगला, कधी लग्नाला दिलेलं असतं; वेबसाइटवर तारीख बघूनच निघा. ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी विचारून घ्या. जमलं तर स्वयंसेवकांबरोबरची गाइडेड टूर घ्या. आत गारठा असतो, जॅकेट काढायच्या भानगडीत पडू नका. पिकॅडिली गार्डन्सहून ऑक्सफर्ड रोडने जाणारी बस पकडून रॉयल इन्फर्मरी हॉस्पिटलपाशी उतरा. तिथून चालत जवळ आहे. परतताना भूक लागलीच, तर दक्षिणेला रशोम भागातली करी माइल, म्हणजे भारतीय-पाकिस्तानी पद्धतीच्या हॉटेलांचा रस्ता, पायी गाठता येते.