कातळाला ऊन कुशीवर हवं

फोटो काढताना सूर्य पाठीशी ठेवायचा, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. माणसांच्या फोटोला ते ठीक आहे. पण त्याच नियमाने रत्नागिरीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा, कातळ टिपायला गेलात, तर करपलेल्या भाकरीसारखा सपाट, काळपट पसारा हाती लागेल.

तोच कातळ सकाळी सातच्या सुमारास, ऊन कुशीवर घेऊन बघावा. हा जांभा दगड मुळातच भोकाभोकांचा. तिरपं ऊन पडलं की एकेका भोकाची एक कड उजळते आणि पलीकडे सावली साठते. आपण पोत पोत म्हणतो तो या बारक्या सावल्यांचाच असतो. ऊन चढलं की त्या आटतात. मग मी सरळ मोबाइल खिशात टाकून चहाची टपरी शोधते.

खात्री करायची तर कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायला जावं. कोकणातली ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. त्यातला कशेळी गावचा हत्ती केवढा थोरला, त्याच्या अंगावर आणखी किती प्राणी कोरलेले! पण भर दुपारी गेलं तर सोंड कुठली नि पाय कुठला, याचा पत्ता लागता लागत नाही. ऊन कललं की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि जनावर आपोआप सुटं होतं. कोरणाऱ्यांनीही कामाची वेळ उन्हाकडे बघूनच ठरवली असेल का? उगाच आपली एक शंका.

अर्थात निव्वळ पोताने भरलेला फोटो लवकर कंटाळा आणतो. त्यात काहीतरी खटकायला हवं. भेगेतून वर आलेलं गवताचं पातं, दगडफुलाचा पांढुरका ठिपका, असं काहीही चालतं. फक्त ते मधोमध नको, नाहीतर फोटो त्या ठिपक्याचा होतो, दगडाचा राहत नाही. माझी आत्या असले फोटो बघून विचारते, "यात माणसं कुठायत गो?"

पावसाळ्यात ऊन नसतं, पण ओल असते. भिजलेला जांभा गडद होतो आणि खळग्यांतल्या पाण्यात आभाळ चकाकतं. मात्र उजेड कमी पडला की हल्लीचे फोन स्वतःचं डोकं चालवतात. दगडाचा खरखरीतपणा त्यांना दोष वाटतो. तो घासूनपुसून असा गुळगुळीत करून देतात की जांभा आहे की साबणाची वडी, कळू नये.

एवढ्या लांब जायचं नसेल तर घराची जुनी भिंतही पुरते. हाताने तासलेल्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यावर, हत्याराचे तिरके घाव दिसतात, यंत्राने कापलेल्यावर पात्याचे वळसे. बिनगिलाव्याची भिंत मिळायला हवी, एवढंच. नव्या घरांत चिऱ्यावर आधी गिलावा चढतो आणि वर जादा पैसे मोजून दगडासारखा दिसणारा टेक्स्चर पेंट.