घरचं गोष्टींचं पुस्तक: दुसरी खेप

पहिल्या खेपेच्या पाचही प्रती रद्दीत गेल्या. म्हणजे चार गेल्या, पाचवी लेकीने कुठेतरी लपवून ठेवलीय. दुसऱ्या खेपेतली पहिली प्रत काल रात्रीपासून पाट्याखाली आहे, वर वरवंटाही ठेवलाय. ती वाळेपर्यंत झालेलं लिहून टाकतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आई झोपताना नातीला सांगते त्यातल्या नऊ गोष्टी मी टाइप केल्या. चित्रं लेकीची, स्केचपेनची, स्कॅन केलेली. आकार ए५, पानं ४८, सोळा पानी तीन फर्मे (घडी घातलेल्या कागदांचे जुडगे), जुजबंदी शिलाई, म्हणजे प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवून एकमेकांना जोडलेला.

पानांची मांडणी आता हातात बसलीय. चार कागद एकात एक घातले की सोळा पानांचा फर्मा होतो, आणि कागदाच्या एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम १७ भरते: १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३. दुसऱ्या फर्म्यात ती ४९, तिसऱ्यात ८१. मी टाइप करतो त्या लिब्रेऑफिस प्रोग्रॅममधला छपाईचा ब्रोशर पर्याय अख्ख्या ४८ पानांचा एकच जाडजूड फर्मा करून देतो, म्हणून मी आधी तीन वेगळ्या पीडीएफ केल्या. पाठपोट छापताना कागद आखूड बाजूवर उलटायचा, हे मागच्या वेळी चुकलं आणि कागदाच्या मागच्या बाजूचे सगळे राक्षस शीर्षासन करत होते. पोथ्या लिहिणाऱ्यांनी सुटी पानं कापडात गुंडाळली, बेरजा-वजाबाक्या टाळल्या. हुशार लोक.

अक्षराची चूक आईने पकडली. चष्मा लावून पहिलंच पान बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा ल हिंदीतला आहे." फाइलची भाषा हिंदी राहिली होती. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली, तर त्याच नोटो फाँटमधले सगळे ल आणि श आपोआप मराठी वळणाचे झाले. तुमच्या फाँटमध्ये ही सोय आहे का, ते एक पान छापून बघा.

आता मुख्य भानगड. पहिल्या प्रती उघड्या राहायच्याच नाहीत, फणा काढल्यासारखी पानं वर यायची, कण्याजवळ, म्हणजे शिवलेल्या कडेजवळ, कागदाला लाटा. मी खळीला दोष देत बसलो होतो. दोष कागदाच्या ग्रेनचा होता. कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो तसे कागदातले तंतूही एका दिशेने लागलेले असतात. बाजारात रिमने मिळतो त्या ए४ मध्ये ते बहुतेक वेळा लांब बाजूने असतात. तो मधोमध दुमडून ए५ केला की घडी तंतूंना आडवी जाते, आणि ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. म्हणजे कण्याच्या लांबीभर फुगतो, पण शिलाई त्याला फुगू देत नाही. मग लाटा येणारच.

उपाय साधा निघाला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) ए३ कागद आणला, तोही लांब बाजूच्या ग्रेनचा. तिथल्याच एका बाइंडरकडे मशीनवर मधोमध कापून घेतला. हातात आला ए४, पण तंतू आखूड बाजूने. आता घडी आणि तंतू एकाच दिशेला. ग्रेन ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करायचा. तो नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी हीच तंतूंची दिशा. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर अशा नळ्यांचा ढीग पडला होता. पुठ्ठ्यालाही हेच लागू. तोही मी दोन्ही बाजूंनी हळूच वाकवून बघितला आणि सोप्या बाजूने वाकणारी रेघ कण्याला समांतर ठेवली.

खळ मैद्याची, एका वाटीला सहा वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. मी घातलं नाही. विष आहे ते, आणि आमच्याकडे पुस्तकाचे कोपरे चघळायची पद्धत आहे. कण्यावर मात्र खळ आणि फेविकॉल अर्धं-अर्धं, त्यावर औषधाच्या दुकानातली गॉज, म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार कापड.

शिलाईला गोधडीचा दोरा, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला. नाडीचे दोन पट्टे कण्याला आडवे घेऊन त्यावरून शिवलं. भोकं दाभणाने आधीच पाडायची, आणि दोरा घडीला समांतर ओढायचा. वर ओढलात तर घडीच फाटते. माझ्या मधल्या फर्म्याची एक इंच फाटली, टिश्यू लावून झाकलीय.

पाठीला आईचा जुना खण. पहिल्या वेळी खळ कापडातून वर आली आणि डाग पडले. या वेळी कापडाला आतून पातळ कागद चिकटवून रात्रभर वाळवला, मग पुठ्ठ्यावर चढवला. पुठ्ठा पानांपेक्षा तीन बाजूंनी ३ मिमी मोठा. कण्यापाशी सांध्याला ८ मिमी जागा सोडलीय, जरा जास्तच झाली असं आता वाटतंय.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माझ्या प्रिंटरची काळी शाई पाण्याला टिकते, पण रंगीत पसरते. शेवटच्या पानावर पुठ्ठ्याचा आतला कागद चिकटवताना कडेची ओल आत गेली आणि वाघाचा लाल जबडा गुलाबी धुरात गेला. पुढच्या प्रतीत मध्ये प्लास्टिकचा कागद घालणार आहे. शेवटचं पान कोरं ठेवा, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आणि हो, एकात एक कागद घातले की आतले कागद पुढे सरकतात, आणि कडा कापताना नेमके तेच जास्त कापले जातात. पान २४ वरच्या कोल्ह्याचं शेपूट त्यात गेलं. लेकीला दाखवलं. तिने थोडा विचार करून त्याच पानावर पेनने तुटकं शेपूट काढलं, आणि खाली एक मगर काढली. आता आईला ती गोष्ट बदलून सांगावी लागतेय.