तुम्ही विचारलंत म्हणून: पोळी बंद, मग हा खाणार काय?

सिलिॲक डिसीजचं, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालण्याच्या आजाराचं, निदान झालेल्या मुलांच्या आईबाबांना मी आहार समजावून सांगते. समोर बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, पोळी बंद म्हणजे मग हा खाणार तरी काय?"

अहो, पुण्यात राहून हा प्रश्न! ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळ्या डाळी, यात ग्लुटेन नसतंच. ते असतं गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात. म्हणजे रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, बिस्किटं गेली. आमटी-भात, भाकरी, घावन, धिरडी, पोहे, अंडी, उकडीचे मोदक कुठेही गेले नाहीत. महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं तर मी शेवटी सांगते, तीही कोणी विचारलीच तर.

माझा खरा वेळ जातो तो न दिसणाऱ्या पिठावर. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा किंवा कणीक असते, आणि हिंग आपल्याकडे रोजच्या फोडणीत पडतो. मेतकुटात, थालीपिठाच्या भाजणीत, सातूच्या पिठात बहुतेक घरी गहू असतोच. कॉर्नफ्लेक्स मक्याचे खरे, पण त्यात अनेकदा जवाचं माल्ट असतं. दुधात घालायच्या कितीतरी पावडरींतही तेच. म्हणून डब्यावरचा बारीक मजकूर वाचायचा. आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असून चालत नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, नियम आहे.

आणि खपली. हल्ली दर चौथ्या घरात कोणीतरी प्रेमाने खपली आणून देतं, "हा पचायला हलका, जुना गहू" म्हणून. असेल हलका. पण खपली हा गहूच आहे, सिलिॲकच्या मुलाला तो चालत नाही.

मग येतो दुसरा प्रश्न, बहुधा आजींचा: "एवढ्याशाने काय होतंय? पोट तर दुखलं नाही त्याचं." ही साधी ॲलर्जी नव्हे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. उंची खुंटते, रक्त कमी राहतं. पोट न दुखताही हे आतून चालू राहू शकतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. ५० मिलिग्रॅम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना आपण पिठी लावतो, ती याहून जास्त असते.

आकडे ऐकून आजी मान डोलावतात, पण पटलेलं नसतं. म्हणून मी त्यांना विचारते, "आजी, एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत आमटीचा डाव घालाल?" "छे, उपवास मोडेल!" "डाव पुसून घेतला तर?" "तरी नाही." बस. उपवासाचं सांभाळता तसंच हे, फक्त रोज. पुढच्या खेपेला आईच तक्रार करते, की सासूबाई आता मला नातवाच्या भाकरीच्या तव्यावर फुलका भाजू देत नाहीत.

गिरणीचं दुखणंही याच वाटेने समजतं. ज्वारी आपली निवडलेली, धुतलेली, पण आधीच्या दळणाचा गहू जात्यात उरलेला असतो. "आमची ज्वारीची चक्की वेगळी आहे," असं गिरणीवाले खरंच सांगतात, पण त्याच चक्कीवर भाजणीही निघते आणि भाजणीत गहू. परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. नाहीतर भात-डाळ, डोसे, इडल्या वाढवा. धान्य घरी निवडून, धुऊन, भिजवून वाटलं की गिरणीचा संबंधच नाही. राजगिऱ्याचं, शिंगाड्याचं पीठ उपवासाचं असलं तरी पाकीट वाचूनच घ्या. आणि ग्लुटेन नाही म्हणून रोज साबुदाणावडे? नको. मुलाला प्रथिनं, लोह, कॅल्शियमही लागतं.

लाकडी पोळपाट-लाटणं आणि चाळणी मात्र नवी घ्या, तुळशीबागेत एका फेरीत काम होतं. जुन्या चाळणीच्या जाळीतली कणीक कितीही धुतली तरी जात नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात मुलाचे पापड तळू नका.

शाळेत बाईंना लेखी कळवा. खेळायच्या रंगीत पिठाच्या गोळ्यातही बहुधा गहूच असतो, हे त्यांना माहीत नसतं.

निदान झालेलं नसेल आणि नुसता संशय असेल, तर आधी गहू बंद करू नका. टीटीजी ही सिलिॲक ओळखायची रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी सांगितली तर एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी), हे गहू खात असतानाच व्हायला हवं. आधीच सोडला तर तपासणी खोटाच दिलासा देऊ शकते. निदान झालं असेल, तर भावंडांची आणि तुमची दोघांचीही तीच रक्ततपासणी करून घ्या, कोणालाही काही त्रास नसला तरी.