शनिवारचा शेवटचा तास

स्मरणिकेसाठी लिहा, असा फोन आला तेव्हा मी नाइट ड्युटी करून नुकती आडवी झाले होते. "शाळेबद्दल काहीही चालेल," असं सांगितलं. माझ्यापुरती शाळा म्हणजे सर. हिंदीच्या बाई, पी.टी.चे सर, घंटा देणारे मामा, सगळ्यांची आधीच माफी मागते. कोणते सर, हे आमच्या पिढीत कुणाला सांगावं लागणार नाही. इतिहास-नागरिकशास्त्र, खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चिडले की टेबलावर आपटायचा तो डस्टर.

१९८६, आठवी ब. नागरिकशास्त्रात 'नेत्याचे गुण लिहा' असा प्रश्न होता आणि गाइडात सात गुण तयार होते. आम्ही सगळ्यांनी तेच सात, त्याच क्रमानं लिहिले. सरांनी पन्नास वह्यांचा गठ्ठा उचलला, आमच्याकडे पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. दुसऱ्या शनिवारपासून शेवटच्या तासाला पुस्तक बंद. प्रत्येकानं काम करणारं एक माणूस गाठायचं आणि तीन प्रश्न विचारून यायचं. तुम्ही काय काम करता? तुमच्याबरोबर किती माणसं? त्यांतल्या कुणाकडून चूक झाली तर तुम्ही काय करता?

सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना सर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा ही नावं आमच्याकडून म्हणवून घेत. १२ जानेवारी १९३१, येरवड्याला फाशी, हेही. मग म्हणत, "हे चौघं सोलापूरचेच, पुण्या-मुंबईहून मागवलेले नाहीत." माणूस आपल्याच गल्लीत शोधायचा, हे आम्ही त्यावरून समजायचं.

पोरांनी काय काय आणलं! रेल्वे लाइन्समधल्या एकानं वडिलांनाच विचारलं. ते मालगाडीवर गार्ड. "इंजिन ड्रायव्हरचं, पण माझा हिरवा झेंडा दिसल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. आणि मी लाल दाखवला तर का म्हणून आधी विचारत नाही, आधी थांबतो." (आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काम तेच.) एकीचे आजोबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. त्यांचं उत्तर एका ओळीचं, "चूक झाली की आधी माग बंद करायचा, मग ओरडायचं." गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्या एका काकांनी सांगितलं, "मी दमलो हे मी सांगत नाही. शेजारच्यानं ओळखून काठी घ्यायची." सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि सोमवारपर्यंत पुसू दिलं नाही.

माझी पाळी आली आणि मला रडू फुटायची वेळ. घर पूर्व भागात. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड-उर्दू, मराठी फक्त शाळेत. नाना पॉवरलूमवर टॉवेल काढायचे, अम्मा विड्या वळायची. बाकीच्या मुली बँकेचे साहेब, वकील असं सांगत होत्या. मी सरळ एक डॉक्टर रचला. डॉ. कोटणीसांचा धडा डोक्यात होताच. आपल्या सोलापुरात जन्मलेला मुलगा १९३८ साली चीनला जातो, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करतो आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच प्राण सोडतो. माझा डॉक्टर थोडा तसाच, फक्त कन्ना चौकात दवाखाना असलेला. कागद परत आला तेव्हा खाली लाल शाईत होतं, "कल्पनाशक्ती उत्तम. यांच्याकडे पेशंट कोण, आपण दोघंच का?"

वर्गात एक शब्द बोलले नाहीत. सुटताना एवढंच विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या विड्या कारखान्यात कोण घेऊन जातं?"

अक्का. ओट्यावर मांडीत सूप घेऊन बसलेली, पानं कापताना जिची कात्री बघावी लागत नसे, ती अक्का. रोजच्या हजार विड्या वळून ती गल्लीतल्या बायकांसोबत कारखान्यात जायची. मी वही काढली तर म्हणाली, "काय लिवायलीस गं? माझ्या हाताखाली कोण न्हाई. आम्ही चौदा जणी जातो, बस्स."

तिसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही, कारण त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. एक नवी सून होती, तिच्या विड्या सैल. चेकरनं मूठमूठ बाजूला काढल्या. काढलेल्याचे पैसे नाहीत. तो ओरडला, "कुणाच्या ह्या?" अक्का म्हणाली, "माझ्या." तिच्या हाताची विडी त्याला अंधारातही ओळखू आली असती. पण तो गप्प बसला. संध्याकाळी अक्कानं त्या सुनेला शेजारी बसवलं, तिच्या दहा विड्या उलगडून पानं परत सरळ केली, तंबाखू किती हे चिमटीनं दाखवलं, आणि तोंड मुडपताना तिचा अंगठा धरून ठेवला. शिव्या मात्र पोटभर दिल्या.

मी वर्गात वाचलं. सर खिडकीशी उभे होते. म्हणाले, "ते 'माझ्या' परत वाच." वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचताना मागच्या बाकावरचं हसणं थांबलं.

आज मी पुण्यात आयसीयूची सिस्टर इनचार्ज आहे, एकवीस वर्षं झाली. २०२० च्या त्या उन्हाळ्यात एका नव्या मुलीकडून ड्रिपचा वेग चुकला. वेळीच लक्षात आलं, पेशंट सुखरूप. राउंडला मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कुणी लावलं?" मी म्हटलं, "माझ्या वॉर्डात लागलं, मला बोला." नंतर त्या मुलीला घड्याळ देऊन मिनिटाला थेंब मोजायला बसवलं. शिव्याही दिल्या, तेलुगूत. हल्ली आम्हाला लीडरशिपची शिबिरं असतात, चहा-बिस्किटं, पडद्यावर बाण आणि त्रिकोण. मी मागे बसून पेंगते. आपल्या शाळेतही आता शनिवारी करिअर मार्गदर्शन असतं आणि पाहुणा कोटात येतो, असं ऐकलं. असेल चांगलं. मला तो फळा आठवतो.

सर गेले तेव्हा मी ड्युटीवर होते, येता आलं नाही. ते कुणाला सांगण्यासारखं नाही, इथे लिहिते.

अक्का आहे. २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, त्यातलं एक तिचं आणि एक अम्माचं. कार्यक्रमाला तिला घेऊन येते आहे. जिना चढवत नाही तिला. आठवी ब वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या व्हरांड्यात एक खुर्ची ठेवा, हात असलेली.