आई मच्छरदाणीत असताना

"तुम्हाला डेंग्यू झालेला, यजमान ड्युटीवर, घरात दोन लहान पोरं. मग त्यांना रमवलंत तरी कसं?" गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, भेटेल तिथे आया मला हे विचारतात. पाऊस सुरू झाला की जरा जास्तच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मुलगा तेव्हा पहिलीत होता, धाकटी तीन वर्षांची. "आईला त्रास देऊ नका" म्हणून मुलांना दुसऱ्या खोलीत बसवलं, तर कितीही खेळणी द्या, ती घडीघडी दाराशी येतात, कारण आई दिसत नाही. म्हणून मी म्हणते, आजार तसा असेल तर मुलांना जवळच ठेवावं आणि हाताला खरं काम द्यावं. डेंग्यू शेजारी बसल्याने लागत नाही, डासामार्फत लागतो. तापातल्या माणसाला चावलेला डास पुढे दुसऱ्यांना तो देतो, आणि हा डास दिवसाढवळ्या चावतो. त्यामुळे मी दिवसासुद्धा मच्छरदाणीत आणि मुलं बाहेर, तिला लागून घातलेल्या चटईवर. अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, हातापायांना डासांचं मलम. फ्लूसारखा खोकल्यातून पसरणारा ताप असेल तर मात्र इतकं जवळ बसवू नका. तेव्हा मास्क, उघडी खिडकी आणि दारातून गप्पा.

मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "डास चावल्यामुळे मला ताप आलाय. तुमच्या मस्तीमुळे नाही. डॉक्टरांनी औषध दिलंय." हे सांगायलाच हवं. या वयात आपण दंगा केला म्हणून आई आजारी पडली असं मुलांना खरोखर वाटतं, आणि ती ते बोलून दाखवत नाहीत.

डेंग्यूत पाणी पोटात जाणं फार महत्त्वाचं. मोठ्याला मी वही दिली. आईने पेज प्यायली की एक वाटी काढायची, शहाळं प्यायली की नारळ, ओआरएस घेतलं की पेला. तो इतका कडक निघाला की अर्धा पेला प्यायले तर चित्रही अर्धंच काढायचा. डॉक्टरांनी "किती पाणी पिता?" विचारलं तेव्हा ती वहीच पुढे केली, त्यांनी ती नीट पाहिली, आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी बाबांबरोबर कुंड्यांखालच्या बशा ओतायचं कामही त्याचंच. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, हे त्याने शेजारच्या काकींनाही समजावलं. औषधाच्या गोळ्या तेवढ्या त्याच्या हाती दिल्या नाहीत. त्या वरच्या फळीवर.

धाकटीला वहीत काय रस! तिच्यासाठी तिसऱ्यांच्या, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांतल्या मासळीच्या, शिंपल्या. उन्हाळ्यात तिसऱ्यांचं सुकं केलं की मी शिंपल्या घासून, उकळून, उन्हात वाळवून डब्यात ठेवते. तीन-चार जोड्या सुट्या करून परातीत मिसळायच्या आणि जोडीदार शोधायला सांगायचं. प्रत्येक शिंपलीला तिचीच दुसरी अर्धी बसते. दुसरी लावली तर कड पुढेमागे होते, फट राहते. धाकटी एकेक शिंपली कानाशी नेऊन दाबून बघायची. बरोबर जुळली की टक्क वाजायचं, मग ती जाळीला नाक लावून मला दाखवायची. पटापट जमायला लागलं की जोड्या वाढवायच्या. मला फक्त "बघू" म्हणावं लागे, तेही डोळे मिटून चालायचं. मोठ्या, न फुटलेल्या शिंपल्याच घ्या. चिंचोके या वयाला नकोत, तोंडात जातात.

दिवसाला काहीतरी खुणा हव्यात, नाहीतर दुपार सरत नाही. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, दोन वेळा येतो, ते फार कामाला आलं. त्याचा पोंपों ऐकला की दोघं पडवीच्या कठड्याशी. काकी पाव घेऊन द्यायच्या, मुलांना एकेक काकण, म्हणजे बांगडीसारखा गोल कडक पाव. काकण चावायला चांगलाच वेळ लागतो!

टीव्हीचंही विचारता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १ तासाची मर्यादा सांगितली आहे, कमी तर बरंच. मी तो तास सकाळी खर्च करत नसे. ताप चढायचा त्या वेळेसाठी राखून ठेवायचे. आणि आजारपणात एखाद्या दिवशी जास्त झालं तर आईने मनाला लावून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताप उतरला की आई उठते, पोरांचं राहिलेलं सगळं भरून काढायला निघते. डेंग्यूत हे करू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ताप उतरतो आणि नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवस धोक्याचे असतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल, गरज पडली तर १०८ ला फोन. तापासाठी पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

म्हणून मुलांची पिशवी ताप असतानाच भरून ठेवा: दोन जोड कपडे, धाकटीची झोपायची गोधडी, शिंपल्यांचा डबा, वही. आणि काकींकडे एखादी दुपार आधीच काढू द्या, म्हणजे रात्री-अपरात्री जायची वेळ आली तर ते घर त्यांना परकं वाटणार नाही.