तुम्ही विचारलंत म्हणून: अजून भाड्यानंच का?

लग्नकार्यात, कंपनीच्या गेटवर, आत्याच्या फोनवर, सगळीकडं एकच. घर कधी घेतोयस? अजून भाड्यानंच? मग आकडे सुरू होतात, जेवढं भाडं भरतोस तेवढ्यात हप्ता बसला असता, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. आजवर मी एक ठरलेलं कारण सांगून, हसून विषय बदलत आलोय. एकदा सगळं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे "तेवढ्यात हप्ता बसला असता" हे खरं नाही. २०१९ ला आम्ही कोल्हापुरातल्या संभाजीनगर भागात ८ हजार भाडं देत होतो आणि जो फ्लॅट बघितला होता तो ३४ लाखांचा होता. २७ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २३ हजार ४०० च्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले १९ हजारांवर नुसतं व्याज, मुद्दल फिटणार चार हजार. वीस वर्षांत बँकेला जाणार ५६ लाख. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे सव्वादोन लाखांच्या पुढं, ते कर्जात धरतच नाहीत. आणि व्याजदर काही जागेवर थांबत नाही, २०२२ च्या मे पासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून वर्षाच्या आत साडेसहावर गेला, माझ्याच खात्यात काम करणाऱ्या एकाचा हप्ता वाढला नाही पण मुदत कितीतरी वर्षांनी लांबली, त्याला ते कळलं बँकेत गेल्यावर. हे सगळं मला तोंडपाठ आहे. इतकं पाठ आहे की बायको म्हणते, झोपेतसुद्धा म्हणाल.

पण हे माझं कारण नव्हतं. सगळ्यांना मी सांगत आलोय ते कारण वेगळं, पूर. तेवढं म्हटलं की कोल्हापुरात कोणी पुढं विचारत नाही.

फ्लॅट रमणमळ्याच्या बाजूला होता, दुसरा मजला, नवीन इमारत, ताबा लगेच. बाबा एसटीत वाहक होते, नुकतेच रिटायर झालेले, पीएफ-ग्रॅच्युइटीतले ९ लाख ते देणार होते. गारगोटीकडचं घर चुलत्यांच्यात वाटलं गेलं तेव्हापासून त्यांना स्वतःचं दार हवं होतं. जूनमध्ये ५१ हजार टोकन दिलं, बँकेचं मंजुरीचं पत्रही आलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेना. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आमच्याकडं लहान पोरंही सांगतात. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. नदी लांब आहे म्हणून निवांत बसलेल्या भागांत ते मागून आलं, शहरातून नदीला मिळणाऱ्या जयंती नाल्यानं उलटं फिरून.

हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. बाबा म्हणाले, जाऊन बघून येऊ. गाडीत जेवढं पेट्रोल होतं तेवढ्यावर आम्ही दोघं निघालो आणि नागाळा पार्कच्या पुढं जिथं रस्ता पाण्यात जात होता तिथं थांबलो. बरीच माणसं होती, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बोटीतून एका म्हातारीला आणलं, तिच्या मांडीवर मिक्सरचं भांडं होतं, मिक्सर नाही, नुसतं भांडं, घट्ट धरलेलं. लांबवर आमची इमारत दिसत होती. पार्किंग पूर्ण पाण्यात, पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या खाली पाणी लागलेलं.

बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आपला दुसरा मजला हाय. घरात कुठं पाणी आलंय?"

मी म्हटलं, लिफ्ट बंद, लाइट बंद, आईचे गुडघे असे, तिला बोटीत कसं उतरवणार? ते म्हणाले, "चार दिवस आधी गावाकडं न्यायची. आणि नळाला पाणी तर आपल्या संभाजीनगरातबी न्हाई." ते खरं होतं, उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती, अख्खं शहर टँकरवर होतं. मग हळूच म्हणाले, "आता त्यो बिल्डर दर उतरवंल बघ. हीच येळ हाय."

आणि मी ओरडलो. एवढ्या माणसांत. "तुमची आयुष्यभराची कमाई बुडवायची आहे का मला?" असं काहीतरी. माणसं वळून बघायला लागली. बाबा गप्प झाले, गाडीवर मागं बसले, घरापर्यंत एक शब्द नाही. दारात चप्पल काढताना म्हणाले, "तुझं तू बघ." महिन्याभरात त्यांनी ते पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत टाकले. टोकनातले २५ हजार तीन महिने खेटे घातल्यावर परत मिळाले.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. तेव्हा गाड्यांच्या धंद्यात मंदी होती. गाड्यांचे भाग ओतणाऱ्या आमच्या फाउंड्रीत जूनपासूनच ओव्हरटाइम बंद झालेला, नंतर आठवड्यातले दोन-दोन दिवस प्लँट बंद ठेवायला लागले, पगार कापून येत होता. टोकन दिल्यापासून मला रात्री झोप नव्हती आणि बाबांना त्यातलं मी काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या पाण्याकडं बघताना मला भीती वाटली हे खरंच आहे, पण त्याच्या आधी एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. आता नाही म्हणता येईल. बाबा एकेक प्रश्न सोडवत होते आणि मला ते सुटायला नको होते, म्हणून ओरडलो.

नाही, एवढंही स्वतःला झोडायचं कारण नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेवढंच पाणी आलं. नंतर मी पूररेषेचे नकाशे बघायला शिकलो, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. आणि आम्ही दोन वर्षांत दोनदा बघितला. तेव्हा मी बाबांना म्हणालोसुद्धा, बघा, बरं झालं. ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्या मजल्याला लागलं का?"

नव्हतं लागलं.

बाबा २०२३ ला गेले, भाड्याच्याच घरात, तिसऱ्या. त्या घराचा मालक वर राहायचा, घरात मटण शिजवायचं नाही ही अट. कोल्हापुरातला माणूस शेवटची दोन वर्षं रविवारी डबा घेऊन भावाकडं तांबडा-पांढरा जेवायला जायचा. तक्रार एकदाही केली नाही. दर ११ महिन्यांनी नवीन करार व्हायचा तेव्हा मात्र त्या दिवशी ते मुद्दाम बाहेर जायचे, रंकाळ्यावर बसून यायचे. घर घेतलं असतं आणि माझी नोकरी गेली असती, हप्ते थकले असते, तर त्यांना त्याहून वाईट दिवस दिसले असते, असं मी स्वतःला सांगतो, आणि काही रात्री पटतंही. नोकरी टिकली, हेही खरंच आहे.

आज भाडं साडेबारा हजार आहे. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, दिवाळीनंतर जागा सोडायची आहे. परवा आम्ही कळंब्याच्या पुढं एक फ्लॅट बघून आलो. उंचावर आहे, पूर कधीच येणार नाही. दर ऐकून मी लगेच विचारलं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, बोअर किती फूट, सोसायटीचा खर्च किती. परत येताना बायको म्हणाली, "अहो, घर नको असेल तर नको म्हणा. दर वेळी पाण्यावर ढकलू नका."

फ्लॅटवाल्याला सोमवारी कळवायचं आहे. तिला अजून काही बोललेलो नाही.